सगळ्या रागांचा बिलावल

पत्र:

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते, महाराज बाड्याच्या चौकापासून पायी दहा मिनिटांवर. वय ६३. घरी गाणं शिकवते. आठवड्यातून तीन दिवस मुली येतात, शिवाय बाहेरगावच्या तिघी लॅपटॉपवरून शिकतात. लॅपटॉप २०१३ सालचा आहे. कागदावर 'कोअर आय-३, ३११०एम, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी' असं लिहिलंय. घेतला तेव्हा विंडोज ८ होती, २०१६ च्या सुरुवातीला भाच्याने १० करून दिली. आता बटण दाबून मी चहा टाकते, चहा पिऊन कप विसळून येते, तरी ते गोल फिरतच असतं. दुकानदार म्हणतो, "आंटी, फॉर्मेट मारके विंडोज इलेवन डाल देता हूँ, मक्खन जैसा चलेगा." आठशे रुपये. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, भंगारात दे आणि नवा घे. माझी भीती एकच आहे. चारशेच्या वर बंदिशी मी स्वरलिपीसकट टाइप केल्या आहेत, त्या यातच आहेत. स्वरलिपीचा फॉन्ट एका विद्यार्थिनीच्या भावाने कधी तरी सीडीवरून घालून दिला होता, ती सीडी आता कुठे आहे देव जाणे. दुकानदार म्हणतो, डेटा कुठे जात नाही. देऊ का त्याच्याकडे?

तुमची एक वाचक, लष्कर

उत्तर:

ताई, अजून दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर हे बाजूला ठेवा, आधी त्याला फोन करा आणि "मी येईपर्यंत हात लावू नका" म्हणून सांगा.

दुकानदार तुम्हाला फसवतोय असं मी म्हणत नाही. त्याच्या हिशेबात डेटा म्हणजे डी ड्राइव्हमधल्या फायली, फोटो, फार तर डेस्कटॉपवरचे फोल्डर. ते तो सांभाळेलही. पण फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये असतो, विंडोजच्या पोटात, आणि फॉर्मॅट मारताना नेमकं तेच पोट रिकामं होतं. फायली जागच्या जागी राहतील, उघडतीलसुद्धा, आणि तुम्हाला त्यातलं एक अक्षर वाचता येणार नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या वडिलांनी निवृत्तीनंतर आठवणी लिहायला घेतल्या होत्या, नव्वदेक पानं झाली होती. कॉम्प्युटर बिघडला, एका दुकानातून 'फॉर्मॅट' होऊन आला, फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम. वडील काही बोलले नाहीत, फक्त पुढे लिहायचं बंद केलं. फॉन्ट शेवटी सात महिन्यांनी सापडला, कुठे, तर आमच्या घरच्या लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसवाल्याच्या जुन्या मशीनवर. (हे लक्षात ठेवा. पत्रिका छापणारे जुने फॉन्ट कधी टाकून देत नाहीत.)

असं का होतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट हे एक सोंग आहे. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप केलेली असतात, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा गेला की खालची अक्षरं उघडी पडतात. आज आपण मोबाइलवर लिहितो ती युनिकोडची देवनागरी वेगळी. तिथे 'क' हा खरोखरच 'क' म्हणून साठवला जातो, फॉन्ट कोणताही असो. तुमच्या बंदिशी कुठल्या जातीच्या आहेत हे तपासायला एक बंदिश व्हॉट्सॲपवर भाच्याला पाठवा आणि तिकडून स्क्रीनशॉट मागवा. त्याला जसंच्या तसं दिसलं तर निम्मी काळजी मिटली. पण सीडीवरून आलेला स्वरलिपीचा फॉन्ट म्हणता, म्हणजे त्याला काय दिसणार ते मला आत्ताच दिसतंय.

यावर कोणी तरी सांगेल की जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. मिळतात, आणि बंदिशीचे शब्द त्यातून बरे निघतात. स्वरांना मात्र ते वापरू नका. कन्व्हर्टरला क, ख, ग कळतात, कोमल रिषभाखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ कळत नाही. ती तो बिनदिक्कत गाळतो. मग भैरवातले रे आणि ध शुद्ध होतात, यमनातला मध्यम शुद्ध होतो, आणि तुमच्या चारशे बंदिशी एका रात्रीत बिलावलात, म्हणजे सगळे स्वर शुद्ध असलेल्या रागात, येतात. १९१८ साली संगीतशास्त्री पंडित भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली ज्या गावात माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, त्या गावात हे व्हावं हे काही बरं नाही.

तेव्हा विंडोजला हात लावण्याआधीचं काम असं. लॅपटॉप कितीही रांगत असला तरी तो अजून चालतोय, हे तुमचं नशीब. एक बंदिश वर्डमध्ये उघडा, स्वरांच्या ओळीवर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसतं ते वहीत उतरवा. मग शब्दांच्या ओळीवर क्लिक करून तेच करा. बहुतेक दोन वेगळी नावं निघतील. त्यानंतर सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स हे अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. निवडत बसू नका, सगळंच घ्या. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये एखाद्याने फक्त स्वतःपुरता घातलेला फॉन्ट दुसरीकडे, वापरणाऱ्याच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात जातो. म्हणून वहीतली दोन्ही नावं पेन ड्राइव्हवर खरोखर आली आहेत का हे पाहिल्याशिवाय उठू नका. नाही आली तर ते दुसरं ठिकाण भाचा फोनवरून दाखवेल.

मग पीडीएफ. वर्डमध्ये 'सेव्ह ॲज' करून पीडीएफ केली की लागणाऱ्या अक्षरांपुरता फॉन्ट त्या फाइलीतच शिवला जातो, मग ती कुठल्याही फोनवर तशीच दिसते. चारशे फायली म्हणजे रोज पंचवीस केल्या तरी सोळा दिवस. विद्यार्थिनींना वाटून द्या, त्या निमित्ताने त्यांच्या नजरेखालून चारशे बंदिशी जातील. झालेली प्रत्येक पीडीएफ फोनवर उघडून पाहायची, कोमल-तीव्राच्या रेघा आणि मंद्र-तार (खालच्या-वरच्या) सप्तकांची टिंबं जागेवर आहेत ना, एवढंच. आणि ज्या बंदिशी तुमच्याखेरीज कोणाकडे नसतील त्या कागदावरही काढून ठेवा.

युनिकोडमध्ये स्वरलिपी लिहिता येतच नाही असं नाही, हेही जाता जाता सांगतो. वेदपाठासाठी युनिकोडच्या देवनागरीत अनुदात्ताची आडवी आणि स्वरिताची उभी रेघ दिलेली आहे. ती उसनी घेतली की भैरव असा लिहिता येतो: सा रे॒ ग म प ध॒ नि सां. यमनातला मध्यम असा: म॑. मंद्र सप्तकाला खाली नुक्ता, ध़, फक्त तो मात्रेच्या आधी टाकायचा. तार सप्तकाला अनुस्वार. वर्डच्या 'इन्सर्ट', 'सिंबॉल'मधून ही चिन्हं मिळतात. मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची) कमान आणि मात्रांचे कंस यात नीट बसत नाहीत, म्हणून जुन्या बंदिशी पुन्हा टाइप करायला मी सांगणार नाही. नवीन टाइप कराल त्या मात्र अशाच करा.

आता लॅपटॉपकडे येऊ. चहा होईपर्यंत गोल फिरतं ते विंडोज जुनी झाली म्हणून फिरत नाही. आत ५०० जीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे, आणि विंडोज १० अशा डिस्कवर कधीच सुखाने चालली नाही. खात्री करायची असेल तर लॅपटॉप सुरू झाल्यावर टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा रकाना पाहा. तो बराच वेळ शंभर टक्क्यांना चिकटून असेल. याच डिस्कवर फॉर्मॅट मारून तुम्ही कोणतीही विंडोज घातली तरी महिना-दोन महिने मक्खन, पुढे पुन्हा चहा.

म्हणून माझा सल्ला असा की फॉर्मॅट करूच नका. २५६ जीबीच्या आसपासची अडीच इंची साटा एसएसडी (तबकडी न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क) घ्या, जुनी डिस्क बाहेर काढा, तिच्या जागी एसएसडी बसवा आणि विंडोज त्या कोऱ्या एसएसडीवर घाला. जुनी डिस्क आहे तशी राहते, फॉन्टसकट, फायलींसकट, तुम्ही विसरलेल्या आणि नंतर आठवणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट. तिच्यासाठी यूएसबीचं केसिंग मिळतं, त्यात घातली की ती मोठ्या पेन ड्राइव्हसारखी लागते. काही राहिलं असेल तर केव्हाही जाऊन आणता येतं. फॉर्मॅटमध्ये ही सोय नाही.

लॅपटॉप उघडलाच आहे तर दोन कामं सोबत उरका. रॅम ४ ची ८ करून घ्या. तुमच्या लॅपटॉपला डीडीआर३ लागते. दुकानात जुनी पट्टी काढून समोर ठेवायची आणि हिच्याच जोडीची द्या म्हणायचं. दुसरं काम पंख्याचं. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि वर्षभर धूळ असते ती वेगळीच. बारा वर्षांत त्या पंख्यात काय साठलं असेल ते तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला सांगा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही बदलून घ्या, ती आता खडूसारखी झाली असणार. ही कामं दुकानदारच करेल आणि त्याचे पैसे त्याला खुशीने द्या. माणूस हाताने वाईट असेल असं मला वाटत नाही, फक्त त्याला एकच औषध ठाऊक आहे.

विंडोज ११ चं काय? तुमच्या कागदावर ३११०एम आहे, त्यातला पहिला ३ म्हणजे इंटेलची तिसरी पिढी. विंडोज ११ ला सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमच्याकडे दोन्ही नाही. दुकानदार ती तपासणी चुकवून ११ घालू शकतो, तसा जुगाड सर्रास केला जातो आणि चालतोही. पण अशा मशीनला अपडेट देण्याची हमी मायक्रोसॉफ्ट घेत नाही, आणि तुमच्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सचे ड्रायव्हर (म्हणजे काय ते पुढे सांगतो) विंडोज १० पर्यंत येऊन थांबले आहेत. नको.

मग १० च. तिचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे. घरगुती वापरणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने एक वाढीव मुदत दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरायचं आणि विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करायची. सेटिंग्ज त्या खात्याशी जोडून ठेवायला तुम्ही तयार असाल तर वेगळे पैसे पडत नाहीत. त्यानंतर काय, ते शेवटी सांगतो.

लायसन्सची काळजी करू नका. विंडोज ८ च्या काळापासून लॅपटॉपवरच्या विंडोजची किल्ली, म्हणजे प्रॉडक्ट की, स्टिकरवर नसते, ती मदरबोर्डच्या चिपमध्ये असते. भाच्याने २०१६ च्या सुरुवातीला, म्हणजे २९ जुलै २०१६ ला फुकट अपग्रेडची मुदत संपायच्या आत, १० केली. तेव्हाच तुमच्या मशीनची नोंद मायक्रोसॉफ्टकडे झाली. डिस्क बदलली तरी मदरबोर्ड तोच आहे, त्यामुळे नव्या एसएसडीवर १० घालून इंटरनेट जोडलं की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. आजच सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन' उघडा. तिथे 'डिजिटल लायसन्स' असे शब्द दिसले पाहिजेत. त्याच पानावर आवृत्तीचं नाव असतं, तेही वहीत. आपल्याकडे विकलेल्या बहुतेक लॅपटॉपांवर 'होम सिंगल लँग्वेज' असते. दुकानदार सवयीने 'प्रो' घालतात, ती तुमच्या लायसन्सला लागू होत नाही, आणि मग ती चालवायला कुठला तरी ॲक्टिव्हेटर आत सोडतात. ॲक्टिव्हेटर म्हणजे चोरकिल्ली, आणि ती कोणी बनवली ते कोणालाच माहीत नसतं. दुकानदाराला ठणकावून सांगा, "प्रो नहीं चाहिए, जो पहले थी वही."

विंडोज घालणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात सोपा भाग. भाचा दिवाळीला येत असेल तर त्याच्याकडून करून घ्या. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल, त्याने पेन ड्राइव्ह तयार होतो. (त्यावर आधीचं काही असेल ते पुसलं जातं. फॉन्टवाला पेन ड्राइव्ह यासाठी घेऊ नका. हसू नका, मी घेतला होता.) सुरू करताना बूट मेनूची की दाबायची, कुठल्या कंपनीत एफ-१२, कुठे एफ-९, कुठे एस्केप. किल्ली मागितली की 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' निवडायचं. डिस्क निवडायच्या पानावर एकच रिकामी जागा दिसली पाहिजे. दोन दिसल्या तर जुनी डिस्क कुठे तरी जोडलेली राहिली आहे, तिथेच थांबा. तुमची बॅटरी बारा वर्षांची आहे, म्हणजे नावापुरतीच. लाइट गेली तर मध्येच सगळं बंद पडेल, तेव्हा हे काम इन्व्हर्टरच्या प्लगवर करा. आणि कोणी उत्साहाने बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारा, मदरबोर्डमधला प्रोग्राम) अपडेट करू म्हणालं तर नको म्हणा. बायोस लिहिताना लाइट गेली तर मदरबोर्डच जाऊ शकतो.

आता ड्रायव्हर. या शब्दाने माणसं उगाच घाबरतात. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एकेका भागामधला दुभाषा. विंडोज बोलते एक, वाय-फायची चिप समजते दुसरं, मध्ये हा बसतो. कोऱ्या विंडोजकडे सर्वसाधारण दुभाषे असतात, खास तुमच्या चिपचा असेलच असं नाही. म्हणून पहिल्यांदा सुरू झाल्यावर पडदा ढोबळ दिसतो, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकत नाही, कधी वाय-फायचं चिन्हच नसतं. काही बिघडलेलं नसतं.

खरी अडचण एकच, आणि ती गंमतशीर आहे. वाय-फायचा ड्रायव्हर इंटरनेटवर असतो, आणि इंटरनेटला जायला वाय-फाय लागतं. लोक यावर तासन् तास घालवतात. तुम्ही मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लॅपटॉपला नेट मिळतं, बहुतेक वेळा कोणत्याही ड्रायव्हरशिवाय. केबल मात्र डेटा जाणारी हवी, काही स्वस्त केबलींमधून फक्त वीज जाते. मग विंडोज अपडेट चालवायचं, त्यातच खाली 'ऑप्शनल अपडेट्स' आणि त्यात 'ड्रायव्हर अपडेट्स' असतात. पुन्हा सुरू करायचं, पुन्हा अपडेट, तीन-चार वेळा. तुमच्या वयाच्या, म्हणजे लॅपटॉपच्या वयाच्या मशीनचे बहुतेक दुभाषे इथेच मिळून जातात.

याहून पक्की सोय जुन्या डिस्कवरच आहे. तिथले ड्रायव्हर आज चालतायत ना? मग डिस्क काढण्याआधी तेच उतरवून घ्यायचे. त्याची एका ओळीची आज्ञा आहे, भाच्याला "पीएनपी-युटिलने एक्स्पोर्ट-ड्रायव्हर कर" एवढं म्हणा, तो फोनवरून सांगेल. एक फोल्डर तयार होतं, ते पेन ड्राइव्हवर घ्यायचं. नव्या विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडला की जिथे पिवळं उद्गारचिन्ह दिसेल तिथे उजवी क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'माझ्या कॉम्प्युटरवर शोध', ते फोल्डर दाखवायचं आणि आतल्या फोल्डरांतही शोधण्याची खूण चालू ठेवायची.

एवढं करूनही एखादं चिन्ह राहिलं तर त्याच्या गुणधर्मांत 'हार्डवेअर आयडी' म्हणून एक लांबलचक ओळ असते. त्यात 'व्हेन' नंतरची चार अक्षरं म्हणजे चिपच्या कंपनीचा नंबर. ८०८६ असेल तर इंटेल. १९७८ च्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडाच इंटेलने तिथे लावला आहे, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार मजा वाटली होती. १०ईसी असेल तर रिअलटेक, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम. ती पूर्ण ओळ भाच्याला पाठवली की नेमका ड्रायव्हर शोधता येतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलपुढे कदाचित फक्त विंडोज ८ चे ड्रायव्हर असतील. ६४ बिटचे असतील तर ते १० वर बहुधा चालून जातात, आधी चिपसेट, मग बाकीचे. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. एक ड्रायव्हर देतात आणि चार जाहिराती घरात आणतात.

आवाजाचा ड्रायव्हर बसला की लोक थांबतात. तुम्ही थांबू नका, कारण तुमचं खरं काम तिथून पुढे आहे. नवा ड्रायव्हर आला की मायक्रोफोनचे सगळे 'सुधार' पुन्हा चालू होतात: नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन वगैरे. हे सगळं बोलणाऱ्या माणसासाठी केलेलं आहे. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा कूलर, असं समजून ते तो दाबतं. आता एकसारखा, न थांबता चालणारा दुसरा आवाज कोणता? तंबोरा. तुमच्या खोलीत षड्ज-पंचम भरून राहिलेला असतो आणि बाहेरगावच्या मुलीला तो ऐकूच जात नाही, किंवा येतो-जातो. लांब लावलेला स्वरही असाच मध्ये कापला जातो. मग ती बेसूर झाली की आपण तिला बोलतो. माझ्या एका नात्यातल्या बाईंनी एका मुलीला महिनाभर 'सा लाव, सा लाव' म्हणून रडवलं होतं. तिला सा ऐकूच येत नव्हता.

साउंड सेटिंग्जमध्ये जाऊन 'रेकॉर्डिंग', मायक्रोफोन, 'प्रॉपर्टीज', तिथे 'एन्हान्समेंट्स' असेल तर त्यातलं सगळं बंद करा. रिअलटेकची वेगळी खिडकी असेल तर तिथेही. झूमवर शिकवत असाल तर झूम स्वतःचं गाळणंही करतं, त्यासाठी ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे. ते चालू करायचं आणि तास सुरू झाल्यावर पडद्याच्या वरच्या बाजूला ते खरंच चालू आहे का ते पाहायचं. इको कॅन्सलेशन बंद केल्यावर मुलीचा आवाज तुमच्या स्पीकरमधून माइकमध्ये शिरून तिलाच परत ऐकू येईल, म्हणून तुम्ही हेडफोन लावा, साधा तारेचा. ब्लूटूथचा नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि ताल धरताना डोकं फिरतं.

भाच्याचं म्हणणं राहिलं. नवा घेण्यात वाईट काही नाही, ऐपत असेल तर घ्या. पण तुमचं काम वर्ड, पीडीएफ आणि झूम, आणि त्याला एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातलेला हा लॅपटॉप पुरतो. शिवाय नवा घेतलात तरी फॉन्टचं सगळं वरचं काम तुम्हाला करावंच लागेल, त्यातून सुटका नाही.

ऑक्टोबर २०२६ नंतर हा लॅपटॉप बँकेच्या कामाला वापरू नका. तोवर लिनक्स मिंटची (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) हलकी आवृत्ती, एक्सएफसीई नावाची, पेन ड्राइव्हवरून न बसवताच चालवून पाहा, आवाज, वाय-फाय, झूम सगळं तपासता येतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. तुमचा जुना फॉन्ट तिथे लिब्रेऑफिसमध्येही (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) वापरता येतो. ब्रॉडकॉमचं वाय-फाय निघालं तर तिथेही तीच टेदरिंगची केबल कामाला येईल.

आणि जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून कपाटात ठेवाल तेव्हा वर चिठ्ठी चिकटवा: तारीख, 'बंदिशी आणि फॉन्ट, पुसू नये', आणि दोन्ही फॉन्टांची नावं. वर्षातून एकदा, डिसेंबरातल्या तानसेन समारोहाच्या आसपास म्हणा, ती लॅपटॉपला लावून दोन-चार फायली उघडून पाहत जा. पडून राहिलेल्या डिस्कही मरतात.